ग्लॅडस्टन्स लायब्ररीत मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुक्कामी वाचनालय म्हणजे काय? हॉटेलात पुस्तकं ठेवलेली असतात, तसलं काही?

नाही, उलट. आधी ग्रंथालय, आणि त्याला जोडून राहण्याच्या खोल्या. वेल्सच्या ईशान्य कोपऱ्यात, इंग्लंडच्या सीमेलगत असलेल्या या ग्रंथालयात दीड लाखांच्या घरात पुस्तकं आणि छापील साहित्य आहे आणि मुक्कामासाठी २६ खोल्या. न्याहारी उरकून जिना उतरलात की वाचनकक्षाचं दार. दिवसभर वाचून रात्री त्याच छपराखाली झोपायचं. बाकी सगळे नियम, सोयी आणि गैरसोयी यातूनच आलेल्या आहेत.

गावाचं नाव ‘हवार्डन’ की ‘हॉवर्डन’?

दोन्ही नाही. स्थानिक लोक ‘हार्डन’ म्हणतात. वेल्श नाव पेनार्लाग. टॅक्सीवाल्याला ‘हवार्डन’ म्हटलंत तर कळेल त्याला, पण तुम्ही नवखे आहात हेही कळेल. जुन्या पुस्तकांत ‘सेंट डाइन्योल्स लायब्ररी’ असा उल्लेख सापडला तर ती हीच संस्था. शेजारच्या चर्चवरून घेतलेलं ते नाव २०१० मध्ये बदललं.

ग्लॅडस्टन पंतप्रधान होते ना? मग ग्रंथालय कुठून आलं?

विल्यम युअर्ट ग्लॅडस्टन (१८०९–१८९८) चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झाले. पण त्यांचं रोजचं व्यसन वाचन. पत्नी कॅथरीनच्या माहेरचा हार्डनचा वाडा हे त्यांचं घर. तिथल्या अभ्यासिकेला ते ‘शांतिमंदिर’ म्हणत. पुस्तकं तिथे मावेनाशी झाली, आणि आपल्यामागे त्यांची पांगापांग होऊ नये असंही त्यांना वाटत होतं. त्यांची मुलगी मेरी हिने वडिलांचा हेतू सांगितला आहे: ज्यांना वाचक नाहीत ती पुस्तकं आणि ज्यांच्याकडे पुस्तकं नाहीत ते वाचक, यांची गाठ घालून द्यायची. त्यासाठी त्यांनी ४०,००० पौंडांची देणगी बाजूला काढली आणि गावातच पत्र्याची एक तात्पुरती इमारत उभारली.

ग्लॅडस्टननी स्वतः ढकलगाडीतून पुस्तकं ग्रंथालयात नेली, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. वाडा ते पत्र्याची इमारत हे अंतर पाऊण मैल, म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आत. पट्ट्यांनी बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे या वाटेने आले. पंचाऐंशीच्या आसपासचे ग्लॅडस्टन एक मुलगी आणि खासगी नोकर यांना हाताशी घेऊन गठ्ठे सोडत आणि पुस्तकं स्वतः फळ्यांवर लावत. अशी सुमारे ३२,००० पुस्तकं हलली. अर्थात सगळीच्या सगळी त्यांनी एकट्यानं ढकलत नेली असं कुणी सांगितलं तर ते सोडून द्या. कुठलं पुस्तक कुठल्याशेजारी बसेल, हे मात्र त्यांनीच ठरवलं.

मग आजची दगडी इमारत कधीची?

ग्लॅडस्टन वारले १८९८ मध्ये. त्यांचं स्मारक म्हणून लोकवर्गणी झाली, ९,००० पौंड जमले आणि चेस्टरचे वास्तुविशारद जॉन डग्लस यांनी लाल वालुकाश्माची इमारत उभी केली. ग्रंथालयाचा भाग १९०२ मध्ये खुला झाला. राहण्याचा भाग ग्लॅडस्टन कुटुंबाने स्वतःच्या पैशाने बांधला, तो १९०६ मध्ये. जाता जाता: चेस्टरच्या ईस्टगेटवरचं, फोटोंत सतत दिसणारं घड्याळ याच डग्लसचं. ते व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवासाठी होतं. राणीचं आणि ग्लॅडस्टनचं कधी जमलं नाही, पण वास्तुविशारद दोघांना एकच मिळाला.

संग्रहात काय भरपूर आहे आणि काय शोधू नये?

भरपूर आहे ते ख्रिस्ती धर्मशास्त्र, चर्चचा इतिहास, एकोणिसाव्या शतकातलं ब्रिटिश राजकारण, आयर्लंडचा प्रश्न, ग्रीक-लॅटिन अभिजात वाङ्मय (होमर हा ग्लॅडस्टनचा खास विषय) आणि व्हिक्टोरियन काळाचं साहित्य. खरेदी आजही चालू असल्यामुळे जुन्या ग्रंथाशेजारी मागच्या वर्षीचं पुस्तकही दिसतं.

विज्ञान, तंत्रज्ञान किंवा मराठी पुस्तकांच्या आशेने जाऊ नका. ‘ऐतिहासिक ग्रंथालय आहे म्हणजे सगळंच असेल’ हा गैरसमज महागात पडतो. विमानाचं तिकीट काढण्याआधी घरबसल्या ऑनलाइन सूचीत निदान वीस नावं शोधून बघा. त्यातली पाचच सापडली तर तुमचं ग्रंथालय दुसरं कुठलं तरी आहे.

ब्रिटिश काळातल्या भारतावर संशोधन चालू आहे. उपयोग होईल?

मर्यादित. इंडिया ऑफिसची दप्तरं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ग्लॅडस्टन यांच्या कागदपत्रांचा मुख्य साठाही तिथेच, ७५० खंडांत. हार्डनला उपयोग होतो तो त्या काळचे उदारमतवादी राजकारणी काय वाचत होते आणि कशावर भांडत होते हे समजून घ्यायला.

एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. व्हाइसरॉय लिटनच्या १८७८ च्या देशी वृत्तपत्र कायद्याविरुद्ध ग्लॅडस्टन त्याच वर्षी पार्लमेंटात बोलले. १८८० मध्ये सत्तेवर आल्यावर त्यांनी व्हाइसरॉय म्हणून रिपनना पाठवलं आणि १८८२ मध्ये तो कायदा रद्द झाला. ‘केसरी’ सुरू झाला जानेवारी १८८१ मध्ये, म्हणजे कायदा अजून अंगावर असतानाच.

ग्लॅडस्टनच्या हातच्या खुणा असलेली पुस्तकं पाहता येतात का? त्या वाचायच्या कशा?

येतात, आणि जाण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच असावं. त्यांची बरीच पुस्तकं इतर पुस्तकांबरोबर खुल्या फळ्यांवरच आहेत. समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा दिसतात. उभी रेघ म्हणजे ‘इकडे लक्ष द्या’. बरोबरची खूण म्हणजे पटलं. फुली म्हणजे नाही पटलं. विशेष महत्त्वाच्या जागी ‘एनबी’. आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे ‘मा’. इटालियनमध्ये याचा अर्थ ‘पण’. लेखकाचं म्हणणं खोडून काढायचं नाही आणि मानायचंही नाही, अशा जागी ही दोन अक्षरं येतात. एखाद्या पानावर तीनचार ‘मा’ एकाखाली एक दिसले की समोर बसून कुणी ‘हं, पण...’ म्हणत असल्यासारखं वाटतं. शेवटच्या कोऱ्या पानावर पान क्रमांकांसह त्यांनी स्वतःपुरती छोटी सूची केलेलीही सापडते.

अभ्यासासाठी क्रम असा ठेवा. आधी ‘ग्लॅडकॅट’ नावाच्या ऑनलाइन सूचीत पुस्तक शोधा. त्यांच्या स्वतःच्या प्रती कोणत्या आणि त्यात कसल्या खुणा आहेत, याची नोंद तिथे मिळते. मग त्यांच्या रोजनिशीकडे वळा. १८२५ ते १८९६ अशी सत्तर वर्षं ती चालली, छापील १४ खंड आहेत, आणि रोज काय वाचलं याची तीत नोंद आहे. ते पुस्तक त्यांनी कोणत्या आठवड्यात वाचलं हे कळलं, की त्या आठवड्यात पार्लमेंटात काय चाललं होतं ते पाहा. अशा वेळी समासातल्या फुलीचा अर्थ बदलू शकतो.

चूक होते ती इथे: पेन्सिलीची प्रत्येक खूण त्यांचीच असं गृहीत धरलं जातं. सव्वाशे वर्षांत इतर वाचकांनीही पेन्सिली चालवल्या आहेत. ‘ग्लॅडकॅट’मध्ये नोंद नसलेली खूण सापडली तर निष्कर्ष काढण्याआधी ग्रंथपालांना दाखवा.

फळीवर पुस्तक शोधताना गोंधळ का होतो?

कारण आपल्याला दशांश वर्गीकरणाची सवय. इथली मांडणी ग्लॅडस्टनच्या विषयवार विचारातून वाढत आली आहे, त्यामुळे अंदाजाने आकडा धरून चालता येत नाही. सूचीतली फळीखूण (पुस्तकाची जागा सांगणारी खूण) अक्षरासकट जशीच्या तशी उतरवून घ्या आणि कोणता कक्ष, खाली की वरची गॅलरी, तेही लिहा. पहिल्या दिवशी अर्धा तास नुसतं फिरून कुठला विषय कुठे सुरू होतो हे पाहून घेतलंत तर पुढचे दिवस वाचतात. मुख्य कक्ष दोन, एक इतिहासाचा आणि एक धर्मशास्त्राचा. दोन्हींत लाकडी खांब आणि वर गॅलरी, त्यामुळे फोटोत ते सारखेच वाटतात. फसू नका.

पुस्तक खोलीत नेता येतं का?

मुक्कामी वाचकांना साधारण संग्रहातली पुस्तकं नोंद करून खोलीत नेता येतात, आणि मुक्कामी राहण्याचं खरं सुख तेच. दुर्मिळ पुस्तकं आणि हस्तलिखितं कर्मचाऱ्यांच्या नजरेसमोरच पाहायची, त्यासाठी आधी कळवायचं. नोंद केल्याशिवाय पुस्तक हलवलं की दुसऱ्या वाचकाला फळीवर नुसती भोक पडलेली जागा दिसते, आणि ते पुस्तक हरवलं की कुणाकडे आहे हे कळायला मार्ग नसतो.

जुनी पुस्तकं हाताळताना पांढरे हातमोजे घालायचे ना?

सिनेमात. कागदाच्या पुस्तकाला स्वच्छ धुतलेले, पूर्ण कोरडे हात बरे. सुती मोज्यात बोटांची जाण जाते आणि पान उलटताना कडा फाटते. हातांना क्रीम लावलेलं नको. मोजे लागतात ते फोटो आणि धातूच्या वस्तूंना.

फळीवरून काढताना कण्याच्या वरच्या टोकात बोट अडकवून ओढू नका. जुनं चामडं तिथेच तुटतं. शेजारची दोन पुस्तकं थोडी आत ढकला, मधलं पुस्तक दोन्ही बाजूंनी मध्यावर धरा आणि मग काढा. उघडताना सपाट दाबू नका. फोमचे उतार मागून घ्या आणि पुस्तक व्ही आकारात टेकवा. पान धरून ठेवायला हात नको, मणी भरलेली वजनाची नाडी मिळते. लिहायला फक्त पेन्सिल किंवा लॅपटॉप. खूण म्हणून चिकटपट्टीचे रंगीत कागद लावू नका, त्यांचा डिंक पानात उतरतो. साधी कागदाची पट्टी पुरते.

पुस्तक वाचून हात तांबडे झाले. माझं काही चुकलं का?

नाही. कमावलेलं चामडं हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे आम्लधर्मी होऊन त्याची तांबडी भुकटी होते, तीच हाताला लागते. कोळशाचा धूर आणि गॅसच्या दिव्यांच्या काळातल्या बांधण्यांना हा रोग फार. यावर उपाय म्हणून तेल किंवा पॉलिश चोळलं तर ते भुसभुशीत चामड्यात मुरतं, डाग पडतात, धूळ बसते. हात धुवा, पुस्तकाखाली कोरा कागद घ्या, ग्रंथपालांना सांगा. घरच्या जुन्या पोथ्या-पुस्तकांनाही हेच लागू.

तिथला दिवस कसा जातो?

शांत. वाचनकक्षात बोलायचं नाही, फोन बंद, खाणंपिणं बाहेर. मुक्कामी वाचकांना दिवसापुरत्या येणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ बसता येतं, म्हणजे संध्याकाळ तुमची. इमारतीतच जेवणघर आहे. गप्पांसाठी शेकोटीची बैठक आहे, तिला ‘ग्लॅडस्टन रूम’ म्हणतात. खोल्यांत टीव्ही नाही. छोटं प्रार्थनामंदिरही आहे, पण जायलाच हवं असं नाही आणि कुणी विचारतही नाही.

शाकाहारी जेवण मिळतं. जैन किंवा उपवासाचं काही असेल तर आरक्षण करतानाच लिहा. पोचल्यावर सांगून गावात पर्याय शोधणं जिकिरीचं होतं.

किती दिवस राहावं?

एक रात्र म्हणजे फोटो काढणं. किमान तीन रात्री: पहिला दिवस जागा समजायला, दुसरा वाचायला, तिसरा दुसऱ्या दिवशी सुचलेलं पडताळायला. लिहायला जाणार असाल तर आठवडा. यादी घेऊन या, पण दिवसाला पाचसहा पुस्तकांपेक्षा जास्त नको. खुल्या फळ्यांमुळे शेजारचं पुस्तक हाताला लागतंच, त्याला वेळ ठेवा. यादी संपवायचीच असेल तर घरी स्कॅन प्रती मागवणं स्वस्त पडतं.

कार्यक्रम कोणते असतात?

सगळ्यात मोठा ‘ग्लॅडफेस्ट’ हा साहित्यमेळा, २०१३ पासून, सप्टेंबरात. हिवाळ्याच्या बाजूला ‘हार्थ’ हा छोटा मेळा. नाव शेकोटीवरून, आणि आकारही शेकोटीभोवती मावेल इतकाच. याखेरीज व्याख्यानं, लेखनवर्ग आणि ‘आठवड्यात ग्रीक’, ‘आठवड्यात हिब्रू’ अशा धर्तीचे निवासी भाषावर्ग होत आले आहेत. आठवड्यात ग्रीक येत नाही हे उघड आहे. लिपी, क्रियापदांची तोंडओळख आणि शब्दकोश हातात धरून चार ओळी लावता येणं, इतकं येतं. लिपी आधी पाठ करून गेलात तर पहिले दोन दिवस वाचतात.

निवडक लेखकांसाठी निवासी लेखक योजनाही चालत आली आहे. ती स्वतंत्र अर्जाने, खोली आरक्षित करून नव्हे.

मेळ्याच्या दिवसांत खोल्या फार आधी भरतात आणि इमारत गजबजलेली असते. शांतपणे वाचायचं असेल तर ते दिवस टाळा. त्या वर्षीच्या तारखा, खोल्यांचे दर आणि दुरुस्तीसाठी बंद असण्याचे दिवस संस्थेच्या संकेतस्थळावर पाहूनच तिकीट काढा.

पोचायचं कसं?

सोयीचे विमानतळ मँचेस्टर आणि लिव्हरपूल. लंडनहून यायचं तर यूस्टन स्थानकावरून चेस्टरची गाडी, सुमारे दोन तास. चेस्टरपासून हार्डन दहाबारा किलोमीटर, बस किंवा टॅक्सी. हार्डनला स्वतःचं स्थानकही आहे, पण ते रेक्सम–बिडस्टन या मार्गावर, चेस्टरच्या नव्हे. ‘हार्डनला स्टेशन आहे’ एवढं वाचून चेस्टरहून थेट गाडी शोधत बसणारे बरेच. रात्री उशिरा पोचणार असाल तर बसच्या भरवशावर राहू नका, आणि उशीर होणार हे स्वागतकक्षाला आधी कळवा.

भारतीय पासपोर्टवर साधा पर्यटक व्हिसा चालतो. खोलीच्या आरक्षणाची प्रत आणि काय वाचायचं आहे याची चार ओळींची चिठ्ठी जवळ ठेवा. वाचक म्हणून नोंदणीला ओळखपत्र लागू शकतं.

चार्जरची आपली गोल पिन तिथे बसत नाही. चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर इथूनच घ्या. डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार होतो, जूनमध्ये साडेनऊलाही उजेड असतो. उंच छताच्या जुन्या खोल्यांत बसून राहिलं की उन्हाळ्यातही गारठा जाणवतो, तेव्हा स्वेटर सोबतच ठेवा.

ग्लॅडस्टन घराण्याचा पैसा गुलामगिरीतून आला, हे खरं ना?

हो, आणि हा प्रश्न टाळू नये. विल्यमचे वडील जॉन ग्लॅडस्टन यांचे कॅरिबियनमध्ये मळे होते. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपली तेव्हा मालक म्हणून त्यांना एक लाख पौंडांहून जास्त भरपाई मिळाली. तरुण विल्यमने १८३३ मध्ये पार्लमेंटात मळेवाल्यांची बाजू घेतली होती. पुढची कडी आपली आहे: मळ्यांवर हात कमी पडले तेव्हा जॉन ग्लॅडस्टन यांच्या पुढाकाराने १८३८ मध्ये कलकत्त्याहून दोन जहाजं भरून करारबद्ध मजूर ब्रिटिश गयानाला गेले. गिरमिटियांची कॅरिबियनमधली कहाणी तिथून सुरू होते. २०२३ मध्ये घराण्याच्या वंशजांनी गयानाला जाऊन माफी मागितली. नुसता ‘पुस्तकवेडा पंतप्रधान’ एवढंच ऐकून हार्डनला जाऊ नये.

ग्लॅडस्टननी कपाटांची काही खास रचना सुचवली होती म्हणे. घरी करता येईल?

१८९० मध्ये त्यांनी पुस्तकं आणि ती ठेवायच्या जागा यावर एक लेख लिहिला. त्यात खोली २८ फूट लांब, १० फूट रुंद. मधोमध ४ फुटांची वाट. दोन्ही बाजूंना रुळांवर सरकणारी कपाटं, प्रत्येक ३ फूट रुंद आणि १२ इंच खोल, दोन कपाटांत २ इंचांची फट. हवं ते कपाट वाटेवर ओढून घ्यायचं. एवढ्या जागेत २५,००० पुस्तकं बसतील असा त्यांचा हिशोब. आज दप्तरखान्यांत दिसणाऱ्या सरकत्या रॅकची ही पूर्वज.

फ्लॅटमध्ये करू नका. एक पुस्तक अर्ध्या किलोचं धरलं तरी २५,००० पुस्तकांचे साडेबारा टन होतात. ती खोली भरते सुमारे २६ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला ४८० किलो. राहत्या घराच्या स्लॅबला धरतात तो भार २०० किलोच्या आसपास. तळमजल्यावर, जमिनीवर टेकलेली फरशी असेल तर विचार करावा, तोही अभियंत्याला विचारून. त्यांच्या लेखातली एक गोष्ट मात्र कुठेही चालते: लांबलचक भिंत भरण्यापेक्षा भिंतीला काटकोनात छोटी, दोन्ही बाजूंनी उघडी कपाटं लावली की त्याच खोलीत जास्त पुस्तकं मावतात.

आवारातला पुतळा एवढा आयरिश का दिसतो?

कारण तो डब्लिनसाठी घडवला होता. शिल्पकार जॉन ह्यूज. चौथऱ्याभोवतीच्या आकृतींत आयर्लंडचं मानवी रूप ‘एरिन’ आहे. डब्लिनने तो नाकारला आणि १९२५ मध्ये तो इथे आला.

आपल्याकडे असं राहून वाचायची सोय आहे का?

ग्रंथालयं जुनी आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं, म्हणजे ग्लॅडस्टन गेले त्याच वर्षीचं. पण त्यांत मुक्काम नाही. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत अभ्यासकांसाठी अतिथिगृह आहे. हेतूच्या दृष्टीने हार्डनला सगळ्यात जवळचं तेच. भिलार हे पुस्तकांचं गाव २०१७ मध्ये सुरू झालं. तिथे घराघरांत पुस्तकं आहेत आणि राहताही येतं, मात्र ते निवांत वाचायला, संदर्भ शोधायला नव्हे.

निघताना खोलीतली पुस्तकं स्वतःच फळीवर परत ठेवायची का?

नको. ठरवून दिलेल्या जागी ठेवा आणि तुमची नोंद रद्द झाली का ते पाहा. चांगल्या हेतूने एक फळी वर ठेवलेलं पुस्तक सूचीत हजर आणि जागेवर गैरहजर असतं. दीड लाखांत ते पुढच्या मोजणीपर्यंत सापडत नाही.